दंडगोलाचा कोरा भाग

४ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद जागच्या जागी झालेली बरी, नाहीतर मागाहून लोक काहीही सांगतात.

संग्रहालयाच्या मॅडमचा फोन आला. (ही म्हणते, फोन तुम्हीच केलात, तोही चार वेळा. कोणी कोणाला केला हा तपशील झाला.) घड्याळांच्या कारखान्यात जन्म घालवला, तेव्हा संगीतयंत्र दुरुस्त करायला माझ्याशिवाय आहे कोण? पगार नाही, मान आहे.

यंत्र मागच्या खोलीत ठेवलंय. कपाटाएवढं. आत पितळेचा दंडगोल, त्यावर बारीक खिळे. स्प्रिंगला चावी दिली की दंडगोल फिरतो, खिळे पोलादी कंगव्याचे दात छेडतात आणि चाल वाजते. पण दंडगोलाचा शेवटचा भाग कोराच आहे. तिथे खिळे नाहीत. कारागीर काम अर्धं टाकून वारला, असं मॅडमचं म्हणणं. त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली.

मॅडमनी बजावलं, "साफ करा, चालू करा, जसं आहे तसं ठेवा. काहीही भर घालू नका." अधिकारी माणसाला असं बोलावंच लागतं.

९ नोव्हेंबर
गंज काढला. पहारेकरी दिवसभर दारातल्या स्टुलावर बसून असतो आणि माझ्याकडे बघतो. मी त्याला कामाचं महत्त्व समजावून सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, खोली सोडून काही काम असेल तर सांगा." कारण विचारलं तर म्हणे, या खोलीत डुलकी फार लागते. अशी माणसं कामावर ठेवतात.

१६ नोव्हेंबर, दुपारी
वाजलं. पहिल्या प्रयत्नात. (आधीचे प्रयत्न हे प्रयत्न नव्हते, चाचण्या होत्या.)

चाल साधी आहे. हळू, जरा एकसुरी, चार पावलं पुढे आणि दोन मागे. मग एका ठिकाणी, ओळ पुरी व्हायच्या आधीच, आवाज बंद. दंडगोल मात्र फिरत राहतो. त्या नुसत्या फिरण्याच्या आवाजात मी खुर्चीवर बसून डोळे मिटले आणि पुढच्या कामाचं चिंतन केलं.

चिंतन संपलं तेव्हा चष्मा टेबलावर होता. काड्या नीट मिटलेल्या. यंत्रावर घालायची चादर माझ्या गळ्यापर्यंत ओढलेली. पहारेकऱ्याला म्हटलं, काळजी घेतलीस, आभारी आहे. तो नुसता बघत राहिला.

१८ नोव्हेंबर
पुन्हा चिंतन. या वेळी खिडकीचा पडदा ओढलेला, दिवा बंद, आणि माझे बूट पायांतून निघून भिंतीशी जोडीने ठेवलेले. हे अति झालं. पहारेकऱ्याला खडसावलं. तो म्हणाला, "साहेब, मी झोपलो होतो. माझेही निघालेत." खाली पाहिलं तर खरंच. त्याचे बूट माझ्या बुटांच्या शेजारी होते.

आम्ही दोघांनी आपापले बूट घातले. त्याची थट्टा करायची सवय मोडली पाहिजे.

२३ नोव्हेंबर
एक सैल स्क्रू ठोकून बसवत होतो. पाठीमागून कोणीतरी "श्श" केलं. स्पष्ट. मागे कोणी नव्हतं. पहारेकरी तेव्हा चहाला गेला होता. भात्यातून हवा गळत असणार.

यंत्राला भाताच नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं. उद्या पाहू.

२९ नोव्हेंबर
पाहिलं नाही. संकल्प: नको त्या गोष्टींच्या मागे लागायचं नाही.

ही म्हणते, तुम्ही हल्ली दिवसभर तेच तेच गुणगुणता आणि मध्येच थांबता, बाकीच्यांचा जीव टांगणीला लागतो. तिला प्रथमच माझ्या कलेत रस वाटतोय.

३ डिसेंबर, दुपारी
आज परीक्षा घ्यायची ठरवली. यंत्राला चावी दिली, खुर्चीत बसलो, डोळे मिटले, पण चिंतन केलं नाही. खोटं खोटं पडून राहिलो. (म्हणजे इतर वेळी मी खरा झोपतो असं नव्हे.)

चाल त्या जागी येऊन थांबली. दंडगोल फिरत राहिला. मग फरशीवर पावलं वाजली, जपून टाकलेली. कोणीतरी माझ्यावर वाकलं. मी झोपलोय का याची खात्री करत होतं. माझा श्वास आपोआप संथ झाला, लहान मूल करतं तसा. कपाळावरून हात फिरला. गार, ओलसर, नुकती भांडी घासून आलेल्या बाईचा असतो तसा. चष्मा निघाला. चादर आली. पावलं दाराकडे गेली आणि दिवा गेला.

मी बराच वेळ हललो नाही. का कोण जाणे, रडू येईलसं वाटलं. ग्रीसच्या वासाने असं होतं म्हणतात.

छताला गळती आहे का बघायला सांगितलं. छत कोरडं आहे.

५ डिसेंबर
उलगडा झाला. कारागिराचा जीव अडकलाय. चाल अर्धी राहिली ना. जो कोणी यंत्र चालवेल त्याच्याभोवती बिचारा घुटमळतो, काम पुरं करा म्हणून विनवतो. हात बायकी होता खरा, पण बारीक काम करणाऱ्यांचे हात नाजूकच असतात.

म्हणजे चाल पूर्ण करणं हे आता माझं कर्तव्यच झालं. मॅडम अभ्यासदौऱ्यावर जाणार आहेत. योग जुळून आलाय.

१२ डिसेंबर
पुढची चाल बांधली. सुरुवातीला नम्र, मग चढत चढत जाते आणि शेवटी दणक्यात संपते. ऐकणारा उठून उभा राहील. हिला गाऊन दाखवली. ती म्हणाली, "शेवट छान आहे." का छान आहे म्हटल्यावर म्हणाली, "संपतं ना."

१९ डिसेंबर
भोकं पाडायला घेतली. पहिल्याच भोकाला ड्रिलचं पातं मोडलं. दुसरंही मोडलं. बाजारात हल्ली चांगला माल मिळत नाही.

मागून "श्श". मी म्हटलं, थांबा जरा, तुमचंच काम करतोय. पुन्हा "श्श", या वेळी जवळून, कानापाशी. मी पात्यावर जोर दिला.

२१ डिसेंबर
काम जोरात. मॅडमचं पोस्टकार्ड आलं, "यंत्र जपा." किती विश्वास आहे त्यांचा.

आज खिळे बसवत असताना शेजारची रिकामी खुर्ची सरकली. कोणीतरी तिच्यावरून उठलं. पावलं दारापर्यंत गेली. घाई नव्हती, राग नव्हता. दमलेलं माणूस जातं तशी गेली. दाराशी जरा थांबली असं वाटलं. मी वर पाहिलं नाही, कारण चिमट्यात खिळा होता.

मोकळा झाला एकदाचा बिचारा. मला समाधान वाटलं पाहिजे.

२८ डिसेंबर
पूर्ण चाल वाजवली. अथपासून इतिपर्यंत. शेवटी पहारेकरी खरंच उभा राहिला. म्हणाला, "साहेब, झोप उडाली." मी ते कौतुक म्हणून घेतलं आणि ते कौतुकच होतं.

नंतर खुर्चीत डोळे मिटून बसलो. चष्मा नाकाला टोचत होता. कोणी आलं नाही. बरोबरच आहे, काम फत्ते झालं. मोकळा झालेला माणूस परत कशाला येईल?

८ जानेवारी
काही रात्री झोप लागत नाही. वयोमानाने होतं. संकल्प: चहा कमी.

पहारेकरी म्हणाला, "साहेब, खोली आता नुसती खोली झाली." त्याला म्हटलं, मग बरंच झालं की. तो स्टूल घेऊन पलीकडच्या दालनात बसायला लागला.

१५ जानेवारी
मॅडम परत आल्या. दंडगोल बघून खुर्चीत बसल्या. बराच वेळ बोलल्या नाहीत, हे आनंदाने होतं असा माझा अंदाज होता. तो चुकला. मग जे बोलल्या ते इथे लिहायचं कारण नाही. मी शांतपणे म्हटलं की दालन उघडल्यावर लोकच ठरवतील. आणि बोर्डावर 'पूर्णत्वास नेणारे' असं लिहून खाली माझं नाव टाकलं तर माझी हरकत नसेल.

उद्घाटनाआधी कारागिराच्या बहिणीला ऐकवायचं ठरलंय. ऐंशीच्या पुढे आहेत. यंत्र त्यांच्याच घरून आलंय. ऐकायला एकदा बोलवा, एवढीच त्यांची अट होती म्हणे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की मॅडमची तोंडं बंद होतील. (तोंड. मॅडम एकच आहेत.)

२१ जानेवारी
जे झालं ते सरळ लिहितो.

मावशी (कारागिराच्या बहिणीला सगळे असंच म्हणतात) काठी टेकत आल्या. खुर्चीत बसल्या, चपला काढून बाजूला सारल्या, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि डोळे मिटले. मी चावी दिली. चाल सुरू झाली. त्यांचा चेहरा सैल होत गेला, मान जराशी कलली. ती जागा आली. आणि तिथून पुढे माझी चाल सुरू झाली.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, दाराकडे पाहिलं. शेवटच्या दणक्यापर्यंत ताठ बसून राहिल्या.

मग विचारलं, "पुढचं तुमचं का?"

मी हो म्हटलं. अपुरं होतं ते पुरं केलं म्हटलं.

"अपुरं नव्हतं हो ते," मावशी म्हणाल्या. "आमची आई गायची. कामं आटपून यायची, हात ओलेच असायचे, आम्हा दोघांच्या मधे बसायची आणि हे गायची. या ओळीपर्यंत आम्ही दोघंही झोपलेलो असायचो. पुढचं तिने कधी गायलं की नाही, तेसुद्धा आम्हाला माहीत नाही. भावाने जेवढं ऐकलं होतं तेवढं बसवलं. नंतर किती वर्षं जगला तो. रोज दुपारी चावी द्यायचा आणि तिथेच पडायचा."

मावशींनी चपला घालायला पाय पुढे केले, त्या सापडेनात. मी वाकून घातल्या.

"तो गेला, यंत्र बंद पडलं, तेव्हापासून मला दुपारची झोप नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, इथे लागेल जरा. असू दे. तुम्ही कष्ट घेतलेत."

जाताना दारात थांबल्या. "पुढे काय असेल असं लहानपणी वाटायचं मला. असं असेल असं नव्हतं वाटलं."

२२ जानेवारी
मला कोणी आधी सांगितलं असतं तर. मॅडमनी सांगायला हवं होतं. त्यांनी फक्त 'भर घालू नका' एवढंच सांगितलं, कारण सांगितलं नाही. कारखान्यात आम्ही कारणासकट सूचना द्यायचो.

जेवलो नाही. पोट बिघडलं असावं.

२७ जानेवारी
खिळे उपटायला सुरुवात केली. स्वतःहून. मॅडमचा आदेश आला तो नंतर, अर्ध्या तासाने.

बसवताना जेवढे सरळ गेले तेवढे निघताना नाही येत. भोकं राहतात. ती बुजवली, घासली, तरी उजेडात दिसतात. दंडगोलाच्या कोऱ्या भागाला देवीचे व्रण आल्यासारखं झालंय.

२ फेब्रुवारी, दुपारी
पहारेकऱ्याला बळेच बोलावून त्याच्या जुन्या जागी बसवलं. चावी दिली. चाल आपल्या जागी आली आणि थांबली, पूर्वीसारखी. दंडगोल नुसता फिरत राहिला.

आम्ही दोघं डोळे मिटून बसलो. मी बूट सैल करून ठेवले होते, कोणाला त्रास नको म्हणून. दंडगोल थांबेपर्यंत बसलो, थांबल्यावरही बसलो. मधेच एक डोळा उघडून पाहिलं तर पहारेकऱ्याचाही एक डोळा उघडा होता.

तो म्हणाला, "त्या आई गेल्या, साहेब."

मी म्हटलं, हवा कोरडी आहे, ग्रीस बदलून पाहू. तो हो म्हणाला. तो आता माझ्याशी फार चांगलं वागतो, ते मला सहन होत नाही.

५ फेब्रुवारी
मॅडमना भेटलो. बोर्डावर 'अपूर्ण संगीतयंत्र' लिहिलंय, त्यातला 'अपूर्ण' हा शब्द काढा म्हटलं. बाकी काही मागणं नाही म्हटलं. मॅडम म्हणाल्या, कोरा भाग दिसतो, त्यावर भोकं दिसतात, लोक विचारणार. मग शब्द ठेवला आणि खाली एक ओळ वाढवली: 'नंतर घातलेली भर काढून टाकण्यात आली आहे.'

तर बोर्डावर मी आहे. एका ओळीत, नाव नसलेला.

१० फेब्रुवारी
मावशींकडे गेलो. दोन खोल्या, खिडकीशी पलंग. यंत्र जिथे होतं तिथल्या भिंतीचा चौकोन अजून उजळ आहे. मी म्हटलं, मावशी, सगळं होतं तसं केलंय, माझं काही उरलेलं नाही. गाडी घेऊन आलोय, चला, निवांत ऐका. मी खोलीबाहेर थांबेन.

त्यांनी मला बसायला सांगितलं. पाणी दिलं.

मग म्हणाल्या, "नको आता. यंत्रातून तुम्ही काढलंत, पण माझ्या डोक्यातून निघत नाही ते. दुपारी पडले की आईचं मनात धरते. ती त्या ओळीपाशी येते आणि पुढे तुमचंच वाजायला लागतं. थेट शेवटपर्यंत. मग उठून बसते."

रागाने म्हणाल्या असत्या तर उत्तर होतं माझ्याकडे. त्या रागावल्या नव्हत्या. मी पाणी संपवलं. गाडी रिकामीच परत आली.

घरी आल्यावर हिने विचारलं, काय म्हणाल्या मावशी? म्हटलं, चाल लक्षात राहिलीय त्यांच्या.