लोरीनबाईंच्या वेळूच्या टोपल्या

लिक्सलिप, १८ नोव्हेंबर २०२०

ती. पद्मिनीआत्यास,
इरावतीचा सा. न. वि. वि.

दिवाळीचा फराळ पोचला. चकल्यांचा चुरा झाला होता, तोही चमच्याने खाल्ला! इथे आयर्लंडमध्ये पुन्हा लॉकडाऊन आहे, पण मी अगदी ‘ग्रँड’, म्हणजे इथल्या भाषेत मजेत आहे.

घोर आहे तो प्रबंधाचा. अमेरिकेतल्या चेरोकी आदिवासींच्या एका वस्तीतल्या बायका नदीकाठच्या वेळूच्या टोपल्या विणतात. त्यांचा धंदा कसा वाढेल याचा आराखडा, हा माझा विषय. मी तो झकास केला: प्रत्येकीला महिन्याचं उद्दिष्ट, वेबसाइटवर पहिल्या नंबरच्या कारागिरणीचा फोटो. व्हिडिओवर ऐकवला, तर सगळ्या आपापल्या विणकामाकडे वळल्या! त्यांच्या म्होरक्या लोरीनबाई एवढंच म्हणाल्या, की बघू. मार्चमध्ये वस्तीची सभा आहे. तिथे नकार मिळाला तर माझं दीड वर्ष पाण्यात जाईल गं. तू चंद्रपुरात बांबूचं केंद्र चालवतेस, म्हणून विचारते, कुठे चुकले मी?

तुझ्या मायेची भुकेली,
इरावती

चंद्रपूर, ९ डिसेंबर २०२०

चि. इरावतीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग कान पकडले, माझेच! आमच्या केंद्रात मीही नंबरांचा फळा लावला होता. सुलेखा नावाच्या एका कारागिरणीचं नाव सारखं पहिलं. एक दिवस ती यायचीच बंद झाली. घरी गेले तर म्हणाली, की शेजारी बसणारी चित्रा बांबू सोलून देते म्हणून माझा हात चालतो, मग नाव माझं एकटीचं कसं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फळा त्याच दिवशी उतरवला.

तुझ्या त्या बाया काम कसं वाटून घेतात, हे विचारलंस का शहाणे? मॅनेजमेंट शिकतेस म्हणून कान बंद ठेवायचे असतात होय? आधी चूक झाली म्हण, मग ऐक.

जिवाला जप.
तुझी आत्या

लिक्सलिप, २१ मार्च २०२१

ती. आत्यास सा. न.

जिंकलो गं आत्या, जिंकलो!

माफी मागितली आणि दोन महिने नुसतं ऐकलं. सगळ्यांनी मिळून एकमेकांचं काम उरकायची त्यांची जुनी रीत आहे, गडुगी म्हणतात. कुणी वेळू तोडतं, कुणी रंग काढतं, कुणी विणतं. आणि मी एकीचाच फोटो लावायला निघाले होते! मग नवा आराखडा त्यांच्यासोबत बसून केला: आधी वेळूची लागवड, मग मुलींसाठी विणकामाचे वर्ग, मग विक्री, आणि प्रत्येक टोपलीवर वस्तीचं नाव. इथल्या नावन गावच्या एका दुकानाने आत्ताच मागणी नोंदवली आहे.

काल सभेत तो एकमताने मंजूर झाला! मी लॅपटॉपसमोर ढसाढसा रडले. तेवढ्यात लोरीनबाईंनी हळूच विचारलं, की आराखड्याच्या मुखपृष्ठावर एकटं तुझंच नाव कसं?

मी जीभ चावली. आता तिथे तेवीस नावं आहेत, आणि सतराव्या जागी मी आहे. आत्या, वर्गात कितीदा पहिली आले, पण असा आनंद कधी झाला नव्हता.

लोभ आहेच, तो असाच वाढता ठेव.
तुझी इरावती