ताईचा रिकामा पडदा

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

"माझं मन राखू नको." ताईचं हे वाक्य आज मुग्धाकडून कळलं आणि तेव्हापासून कानातून जात नाही.

रविवारी ताई अंथरुणातून सगळ्या नातलगांचा शेवटचा निरोप घेणार होती. तिच्या लेकीने, मुग्धाने, फोनवर थेट दाखवायची सोय केली होती. ज्याला चित्र पोचेल, त्याचाच फोन ते आपोआप पुढच्याच्या फोनवर पाठवणार. म्हणून ती म्हणाली, "मावशी, दहा-दहा जणांना आत घेऊ. आधीचे स्थिरावले की पुढचे."

मी अमरावतीहून फटकारलं, "माझ्या बहिणीच्या दारात माणसं ताटकळत ठेवतेस? आपल्याकडे ही रीत नाही. घे सगळ्यांना!"

घेतलं तिने. पाचच्या ठोक्याला वलगावचे, शेंदूरजनाघाटचे, सगळे एकदम घुसले. सगळे मागणारे, पुढे द्यायला कोणाकडेच काही नाही. चित्र थिजलं. जोडल्या गेलेल्यांची नावं ताईच्या पडद्यावर दिसणार होती; एकही उमटलं नाही.

"कोणीच आलं नाही का गं?"

"सगळे आलेत, आई."

"माझं मन राखू नको."

काल ती गेली. हेच मनात धरून गेली असेल? एवढी माणसं बाहेर खोळंबलेली असताना?

आज बैठकीत वलगावच्या वहिनी मुग्धावर उखडल्या, "काहून बंद पाडलं वं तू? आमी घंटाभर बसून होतो!"

मुग्धाने एकदा माझ्याकडे पाहिलं. "माझंच चुकलं, मामी."

मी शेजारीच होते. तिला एकटीला बोलणी खाऊ दिली.