पडत्या सुराची बाजू

शुक्रवार, दि. १४, दुपार

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. छोटीचा खोकला गेला. खालचे दोन दात दिसू लागले. तिला माझ्याकडे ठेवून तू मैत्रिणीकडे गेलीस, त्याला आज नऊ दिवस झाले. झोप लागते का, ते कळव.

जाताना तू म्हणालीस, "निदान तिला गाण्याच्या वर्गाला तरी ने, आई." आठ महिन्यांच्या मुलाला सूर कळत नाही आणि घोळक्याने गाऊन कुणाचे दुःख हलके होत नाही, हे माझे आक्षेप तुला पाठ आहेत. तरीही काल नेले.

खोली वाचनालयाच्या वर आहे. पिवळ्या पडद्यांतून आलेले ऊन पाण्यासारखे हलत होते. सतरंजीवर गोल बसलेल्या बारा आया, मांडीवर मुले, आणि सगळ्यांची मिळून एकच लांब गुणगुण. आपण एखाद्या मोठ्या शंखाच्या आत बसलो आहोत, असे वाटले. हे वाक्य मी लिहावे याचे मलाच नवल वाटते.

माझा सूर अर्थातच पडला. शेजारी बसलेली एक आई खुदकन हसली. "आजी, तुम्ही तर थेट तळघरात उतरलात!"

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मग काय झालं? चला गं, आपणही तिथंच जाऊ."

आणि एकेक करून सगळ्याजणी माझ्या सुरापर्यंत खाली आल्या. आवाज कुठून येतो ते शोधावे, तसा छोटीने माझ्या गळ्यावर हात ठेवला.

नंतर मुलांचे मोजे शोधताना तीच शेजारीण सहज म्हणाली, "मला तर चार महिने बाळाबद्दल काही वाटतच नव्हतं हो. इथं येऊन नुसती बसायचे. मग हळूहळू वाटायला लागलं."

कुणी दचकले नाही. एकीने तिला मोजा दिला, इतकेच.

हेच तू मला सांगितलेस, तेव्हा मी म्हणाले होते, "असे कोणत्याही आईला होत नाही." सर्वव्यापी विधान खोडायला एक अपवाद पुरतो. तू सोडून मला दोन ठाऊक आहेत. दुसरा माझाच, तुझ्या जन्मानंतरचा. तू रडत असायचीस आणि मी शेजारच्या खोलीत दार लावून तर्कशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासत असे. तुला उत्तर देतानाही हे मला आठवत होते.

तेव्हा मी पडती बाजू घेते. घरी यायचे की नाही, ते तुझे तू ठरव. गुरुवारी चारला मात्र त्या खोलीत ये. गावेसे वाटले नाही तर गाऊ नकोस. आम्ही गात असू, तू नुसती टेकून बस. छोटीला तुझ्या मांडीवर द्यायचे की माझ्याकडेच ठेवायचे, तेही तूच सांग.

प्रतिवाद न करता वाट पाहणारी,
तुझी आई