चौथं प्रकरण

९ नोव्हेंबर, रविवार

ती. मामा,

नमस्कार. वाकून केलाय असं समजा, कंबर धरली आहे. मामींना सांगा, मलम लावतेय. अक्षर एवढं मोठं का, तर नवं पेन जाड आहे.

इकडचं नेहमीचंच. तीन दिवस कारखाना, दोन दिवस विद्यापीठ आणि उरलेले दिवस या दोघांनी वाढवून ठेवलेलं निस्तरण्यात. फ्रिजच्या दाराची रबरी पट्टी थंडीत कडक पडू नये म्हणून पीएचडी करायची आणि करता करता आपणच कडक पडायचं. मार्गदर्शक बाई विचारतात, "यात शास्त्र कुठंय?" कंपनीचे साहेब विचारतात, "यात आमचा फायदा कुठंय?" दोघांनाही मी "पुढच्या आठवड्यात दाखवते" म्हणते. विद्यापीठात मी 'कंपनीवाली'. कारखान्यात 'डॉक्टरीणबाई', आणि कुणाचं डोकं दुखलं की माझ्याकडे गोळी मागायला येतात. आता मी ठेवायलाच लागलेय गोळ्या.

तुम्ही खुणा करून पाठवलेली पहिली तीन प्रकरणं मिळाली. लाल शाई पाहून बाईंनी विचारलं, "हे कोण?" म्हटलं, माझे मामा. जन्मभर छापखान्यात प्रुफं वाचली, आता निवृत्त होऊन मला वाचतात. बाई म्हणाल्या, "मला कशा नाही दिसल्या या चुका?" तुमच्या अंगावर मूठभर मांस चढावं म्हणून मुद्दाम सांगतेय.

चौथ्या प्रकरणाचं तुम्ही दर फोनला विचारता आणि मी दर वेळी हवापाण्यावर जाते. तुमच्या लक्षात येत नसेल असं नाही. तर ऐका.

पट्टीसाठी मी शोधलेलं नवं मिश्रण त्या प्रकरणात आहे. माझं म्हणावं असं तेवढंच; बाकी दुसऱ्यांच्या कामाची उजळणी आणि मापं. माल बाजारात जाण्याआधी ते कुणाला कळू द्यायचं नाही, असं कंपनीचं म्हणणं. साहेबांनी दोन वाटा दिल्या. ते प्रकरण काढलं, तर प्रबंध सगळ्यांना खुला, तोंडी परीक्षाही सगळ्यांसमोर. ठेवलं, तर परीक्षा बंद दाराआड आणि प्रबंध पाच वर्षं कुलपात. पदवी काय, दोन्हीकडे मिळते. साहेब वाईट नाहीत हो. "काढून टाका, सुटाल," म्हणाले. तेही दमलेलेच दिसत होते.

तुम्हाला चोरून पाठवायचं मनात आलं होतं. पण परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांची प्रुफं वाचायचात, तेव्हा मामींना विषयसुद्धा कधी सांगितला नाहीत. पाकीट न फोडताच परत पाठवलं असतंत.

आणि पेनाचं मी खोटं सांगितलं. मामींनी मला तुमच्या डोळ्यांचं सांगितलंय. त्यांच्यावर ओरडू नका, मीच खोदून खोदून विचारलं. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती दोन वर्षं टिकली तरी खूप, हे सगळं मला ठाऊक आहे. मंगळवारी साहेबांसमोर सही करायला बसले, तेव्हाही ठाऊक होतं.

मी प्रकरण ठेवलं, मामा.

काढलं असतं तर पुस्तक तुमच्या हातात पडलं असतं, पण त्यात मी नसते. असं मी स्वतःला पटवते. मग वाटतं, मामांनी तेही कौतुकानंच वाचलं असतं, कुणासाठी ताणलं एवढं? सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. नुसतं पडून राहावंसं वाटतं. फार वाईट वाटतंय, मामा, आणि तरी सही मागे घ्यावीशी वाटत नाही.

राग आला असेल तर फोनवर नका काढू, समोर येऊन रागवा. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तुम्हाला आत घेणार नाहीत. बाहेर एक बाक आहे, पाठ टेकायला भिंत आहे. मामींना बरोबर घ्या. तुम्हाला वाचायला द्यावं असं माझ्याकडे काही नाही. पण मी दिसतेय तोवर येऊन जा.

तुमची,
भाची