अण्णांना लागलेलं बक्षीस

३ फेब्रुवारी

अण्णांना लॉटरी लागली! परदेशातली! तिकीट न काढता!

कामावरून आले तर वडील दारातच उभे. चपला काढू देईनात. मोबाईल नाकासमोर धरला – "मोठ्यानं वाच." वर सोनेरी शिक्का, खाली कुणा संचालकाची झोकदार सही, मध्ये मोजता न येणारी शून्यं. आणि शेवटी बारीक अक्षरात – रक्कम सुटण्याआधी हस्तांतरण शुल्क भरावं, ही बातमी कुणालाही सांगू नये.

"अण्णा, तिकीट कधी काढलंत?"

"काढावं लागत नाही. ते मोबाईल नंबरांतूनच सोडत काढतात."

जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस! आई म्हणाली, "आधी जेवून घ्या दोघं, मग भांडा." जेवलो. मग भांडलो.

४ फेब्रुवारी

डोकं ठिकाणावर नाही. दातांच्या लॅबमध्ये कवळी करताना मेणात उजवीकडचा सुळा डावीकडे बसवला. मालकांनी साचा हातात घेऊन उलटसुलट फिरवून बघितला. म्हणाले, "हे घालून माणूस हसणार कसा?" सगळं उपटून पुन्हा बसवलं.

७ फेब्रुवारी

आज अण्णांनी ठेवणीतला बाण काढला. "तुझा भाऊ परदेशातून पैसे पाठवतो ते खरे, आणि मला कुणी पाठवले की खोटे?"

पुन्हा पहिल्यापासून समजावलं. धाकट्यानं पाठवताना काय मागितलं? नाव, खाते नंबर, बँकेचा कोड. बस्स! पिन मागितला? नाही. ओटीपी? नाही. 'आधी तुम्ही भरा, मग मी पाठवतो' म्हणाला? 'आईला सांगू नका' म्हणाला? बँकेचं काय शुल्क असेल ते त्यानं तिकडेच भरलं. आणि मुळात तो आपल्या ओळखीचा आहे, अण्णा! आपल्या पोटचा – म्हणजे, तुमच्या!

ऐकून घेतलं. चष्मा पुसला. म्हणाले, "तुझं बोलणं मुद्देसूद आहे. पण त्या बाई रोज फोन करतात. फार अदबीनं बोलतात."

मी हात टेकले.

१० फेब्रुवारी

अर्धी रजा टाकून अण्णांना बँकेत नेलं. काउंटरवरच्या मुलानं मेसेज वाचला आणि मान हलवली. "आजोबा, सरळ सरळ फसवणूक आहे. नंबर ब्लॉक करा, उत्तर देऊ नका. खात्यात काही गडबड वाटली तर लगेच आम्हाला फोन करा." अण्णांनी आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखी मान डोलावली. मला वाटलं, सुटले!

बाहेर पायरीवर आले आणि म्हणाले, "कालचं पोर आहे ते. त्याला काय कळतंय."

अर्धी रजा पाण्यात.

१२ फेब्रुवारी

धाकट्याला फोन केला. "ताई, मी काय समजावू? माझ्याशी ते फक्त हवामानावर बोलतात." छान! तिकडे किती थंडी आहे ते विचारून घेतलं आणि ठेवला.

१५ फेब्रुवारी

अण्णांनी चार दिवसांत लॉटरीचं नावही काढलं नाही. देव पावला.

२० फेब्रुवारी

कसला पावतोय!

दुपारी माझ्या खात्यात पैसे आले. माझ्या! माझ्या वर्षभराच्या पगाराहून जास्त. पाठवणारीचं नाव अनोळखी. हातातला साचा खाली ठेवला. खोटं कशाला लिहू – क्षणभर वाटलं, खरंच लागली की काय!

घरी अण्णा वाटच बघत होते. चेहरा नुसता फुललेला. "आला ना पहिला हप्ता? तुझा खाते नंबर मीच दिला. माझ्या खात्यावर ती बँकेतली पोरं डोळा ठेवून आहेत. आता यातले थोडे तू ठेव, बाकीचे त्या बाई सांगतील त्या खात्यात पाठव. मग मोठी रक्कम सुटेल."

"अण्णा, परदेशातली लॉटरी ना? मग पैसे याच देशातल्या एका बाईच्या खात्यातून कसे आले?"

"असेल त्यांची प्रतिनिधी! पाठव लवकर, त्या थांबल्यात."

"मी एक पैसा हलवणार नाही."

"माझं भलं झालेलं तुला बघवत नाही," म्हणाले. एवढंच. आत जाऊन दार लावून घेतलं.

 मी बँकेच्या मदत क्रमांकावर फोन करून सगळं सांगून टाकलं.

२१ फेब्रुवारी

बँकेतल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "हात लावला नाहीत म्हणून वाचलात." हे दुसऱ्या कुणाचे तरी लुबाडलेले पैसे. मी पुढे पाठवले असते तर ते भामटे नामानिराळे, आणि पोलिसांना सापडणार मी! खातं तपास होईपर्यंत बंद. पोलिसांत तक्रार दिली. तिथं विचारलं, "नंबर कुणी दिला?" वडिलांचं नाव सांगावं लागलं.

घरी सांगितलं. अण्णा भिंतीकडे बघत बसले.  एकदा तरी म्हणा ना – चुकलो! एकदा!

२४ फेब्रुवारी

खातं अजून बंदच. पगार अडकला. धाकट्यानं आईच्या गुडघ्यासाठी पाठवलेले पैसेही परत गेले. मालकांनी थोडी उचल दिली, वर उपदेश फुकट. आणि ज्यांच्यामुळे हे सगळं झालं ते रोज वेळेवर जेवतात, फिरायला जातात, माझ्याशी बोलत नाहीत. जसं काही मीच त्यांना फसवलं!

२७ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यात जबाबासाठी बोलावलं होतं. अण्णांना अक्षरशः ओढत नेलं. पैसे जिचे होते ती बाई तिथंच होती. अण्णांच्याच वयाची. पर्स छातीशी धरून रडत होती. तिलाही बक्षीसच 'लागलं' होतं. सारखं म्हणत होती, "माझ्या मुलाला सांगू नका हो. कशी मी एवढी मूर्ख!"

अण्णा उठले. तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"बाई, मूर्ख कशाला म्हणता स्वतःला. मी गणिताचा मास्तर. मी तर आमच्या म्हातारपणाची ठेव मोडून शुल्क भरलं. सगळी. घरी अजून सांगायचा धीर झाला नाही."

मी त्यांच्या मागच्याच बाकावर होते. त्यांना ते माहीत होतं.