दुसरं सड

माय,

काल एका माणसाने मला तुझं काम समजावून सांगितलं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो मी शिकवते त्या शाळेत आला होता. दुधासाठी मेंढ्या कशा पाळाव्यात, माती आणि चारा राखून, हे पडद्यावर चित्रं दाखवत पोरांना सांगत होता. कोकराच्या वाट्याचं दूध कोकराला ठेवावं. एकाच रानात रोज चारू नये. शेतात मेंढ्या बसवल्या की विकतचं खत लागत नाही. याला म्हणे टिकाऊ पद्धत म्हणतात. पोरं टाळ्या वाजवत होती आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तुला सहीसुद्धा करता येत नव्हती, आणि हे सगळं तू कुणी टाळी वाजवेल याची वाट न बघता करत होतीस. पण त्याच्यावरचा राग तासाभरात ओसरला. तुझ्यावरचा राग इतक्या वर्षांत जागचा हललेला नाही, म्हणून लिहायला बसले.

बाप पांडेसऱ्याच्या रंगाच्या मिलमध्ये लागला आणि मागून तू आलीस, खानदेशातून मेंढ्या हाकत. लोक सुरतेला मिलमध्ये भरती व्हायला येतात, ही कळप घेऊन आली, म्हणून सगळी वस्ती हसली होती. तू ऐकून घेतलंस आणि वस्तीच्या पलीकडे, चालत पोचता येईल इतक्यावर, जिथे तेव्हा अजून शेतं होती, तिथे काट्यांचा वाडा केलास. पीक निघालं की शेतकरी बोलवायला यायचे. "बेन, आ वखते बे रात वधारे बेसाडजो," म्हणायचे, या खेपेला दोन रात्री जास्त बसव म्हणून, आणि लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी द्यायचे. शेजारच्या खाडीचं पाणी कधी लाल, कधी निळं. तू एकाही मेंढीला त्या पाण्याला तोंड लावू दिलं नाहीस. विहिरीवरून हंडे आपण दोघींनी वाहिले. माझी मान अजून दुखते.

आणि तुझे नियम! दव सुकल्याशिवाय कळप सोडायचा नाही, ओल्या गवताने पोटात जंत होतात. मेंढीला सडं दोनच. एक आपण पिळायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही. मी पहिल्यांदा मेंढीच्या मागे बसले तेव्हा तू माझं मनगट धरून सांगितलंस, "एक सड आपलं, एक पिलूनं शे. ध्यानमा ठेव." कोकराला आईपासून तोडायचं नाही, त्याला पोटभर पिऊ द्यायचं, त्याच्या वाढीच्या दिवसांत त्याचं काही हिरावून घ्यायचं नाही. किती जीव लावायचीस तू कोकरांना! आणि माझी सातवी सुरू होऊन दोन महिने झाले नाहीत तोच माझी शाळा बंद केलीस.

आमच्या बाई वाड्यावर आल्या होत्या, ते आठवतं? वस्तीजवळच्या मराठी शाळेपासून चिखल तुडवत आल्या होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे हो. निदान सातवी तरी होऊ द्या." तू ताकाची कासंडी खाली न ठेवताच विचारलंस, "आन् मेंढ्या कोन चारी? तुम्ही?" बाई आल्या तशा चिखलातून परत गेल्या. मी वाड्याच्या फाटकाशी उभी होते. तेव्हा मला वाटलं होतं, तुझी मुलगी होण्यापेक्षा तुझी मेंढी होणं बरं. आजही वाटतं.

मग मी काय केलं ते ऐक. तू सकाळी वस्तीत दही द्यायला जायचीस आणि दव सुकायला अवकाश असायचा. तुझ्याच नियमाने मला तेवढा वेळ मोकळा दिला. आपली काळतोंडी मेंढी नुकतीच व्यालेली होती. तू गेलीस की मी तिचं दुसरं सड पिळायची, बरणी भरून बाईंच्या खोलीवर द्यायची आणि सकाळच्या शाळेत शेवटच्या बाकावर बसायची. दूध आईने दिलंय, असं मीच सांगायची. बाईंनी काही मागितलं नव्हतं. पण घेतल्याशिवाय कुणी काही देत नाही, एवढं जग मला कळत होतं. ऊन वर आलं की धावत परत. वाटाण्याच्या शेंगा तोडाव्यात तशी मी अक्षरं भराभर ओच्यात घालून पळत होते.

काळतोंडीचं कोकरू पंधराएक दिवसांत वाळलं. तू त्याला मांडीवर घेऊन दुसऱ्या मेंढीला लावायचीस, ती लाथ मारायची. तू अंगठ्याने काळतोंडीची कास चाचपलीस. शेवटी एका सकाळी ते उठलंच नाही. त्या दिवशी घाबरून मी बरणी बाईंच्याकडेच विसरले. दुसऱ्या दिवशी बरणी वाड्यातल्या खुंटीवर होती, घासून, पालथी घातलेली.

म्हणजे तू बाईंकडे गेली होतीस. तुला सगळं कळलं होतं. मी मार खायला तयार होऊन दिवसभर तुझ्यामागे फिरले. का नाही मारलंस? एक थोबाडीत दिली असतीस तर हिशोब मिटला असता! पण नाही. तू मामाला निरोप धाडलास, तो आला, आणि सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "खाडीनं पानी बाधनं. आते अठे मेंढ्या टिकाव नहीत." मामाने मान हलवली, बापाने मान हलवली. कळप मामाबरोबर गेला. काळतोंडी तीनदा मागे वळली. तू एकदाही वर बघितलं नाहीस.

पुढच्या सोमवारी तूच मला शाळेत सोडायला आलीस. नंतर तू पांडेसऱ्यात साड्यांच्या घड्या घालायला लागलीस, चार भिंतींत, जिला उघड्या रानाशिवाय झोप येत नव्हती ती. मी शिकत गेले आणि तू खोकत गेलीस. मरेपर्यंत त्या बरणीचा विषय काढला नाहीस. हा कसला न्याय, माय? मला माफी मागायला जागाच ठेवली नाहीस. तुझं सगळं मला देऊन वर माझं पापही स्वतःच्या तोंडाने खाडीत बुडवलंस, आणि मी ते आयुष्यभर गप्प बसून सांभाळायचं. मला याचाच राग येतो. आणि राग आला की रडू येतं, त्याचाही राग येतो.

हे पत्र कुठे पाठवणार? हजेरीपटात घडी घालून ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. काल तो माणूस जाताना कुणीतरी त्याला सांगितलं की या बाईंच्या घरीही मेंढ्या होत्या. त्याने सगळ्या वर्गासमोर विचारलं, "अरे वा! मग का सोडल्या?" पोरं माझ्याकडे बघत होती. तिसाव्या वर्षी नाही, चाळिसाव्या वर्षी नाही, निदान काल तरी खरं बोलता आलं असतं.

मी म्हणाले, "खाडीचं पाणी बाधलं."