परीक्षेला खुर्चीत कोण बसलं

१४ मार्च

बाबा,

नमस्कार. 'साष्टांग' लिहिणार होते, पण आज वाकायची इच्छा नाही. खोकला कसा आहे? दुकानातला पंखा दुरुस्त केलात, की अजून गिऱ्हाईकच वर्तमानपत्राने वारा घेतंय?

मी पास झाले. परवाना हातात आलाय. फोटोत मी चोरासारखी दिसते, पण शिक्का खरा आहे. आता कुठल्याही सलूनमध्ये मी उजळ माथ्याने कात्री धरू शकते. दादा शाळेत असतानाच तुम्ही त्याला खुर्चीमागे उभं केलंत. मी नुसती दारात आले तरी म्हणायचात, "पोरीच्या जातीला हे शोभत नाही, घरी जा." मी गेले नाही, बाबा. दारातून तुमचे हात बघत राहिले. बोटांत बट धरून कात्री कशी चालवायची, हे इथल्या कोर्सच्या बाईंनी दाखवायच्या आधीच मला येत होतं.

सगळंच काही तुमच्याकडून घेतलं नाही. खाली पडलेला कंगवा तुम्ही पँटला पुसून पुन्हा गिऱ्हाइकाच्या डोक्यात घालता. इथे तसं केलं तर तिथल्या तिथे नापास. परीक्षेत माझाही कंगवा पडला आणि हात तो उचलायला निघालाच होता. मी स्वतःला आवरलं आणि दुसरा घेतला.

कंगवा का पडला, ते लिहायचं टाळतेय. लिहितेच.

परीक्षेला डोकं आपणच आणायचं असतं. खरंखुरं माणूस, खांद्याखाली केस असलेलं. आतेबहीण येणार होती. आदल्या दिवशी तुम्ही आत्याला फोन करून तिला अडवलंत. वर्ष पाण्यात गेलं असं वाटलं. मी रडले नाही, तुम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या. मग आईला कळवलं. मावशीकडे जाते म्हणून ती घरातून निघाली ना, ती मावशीकडे गेलीच नाही.

आई माझ्यासमोर खुर्चीत बसली आणि तिने स्वतःच अंबाडा सोडला. म्हणाली, "मानेपर्यंत काप."

कंगवा पडला तो तेव्हाच. "बाबा काय म्हणतील?"

"अख्ख्या गावाचे केस कापतात, आणि माझे कापायचे नाहीत हेही तेच ठरवतात. तू काप गं."

कापले. नंतर ती कितीतरी वेळ आरशात मान वळवून वळवून बघत होती. तिची मान इतकी सुंदर आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल.

ती रविवारी घरी येतेय. तिला एक शब्द बोलायचा नाही. बोलायचं ते मला बोला. तरी बोललातच, तर ती आल्या पावली माझ्याकडे परत येईल. तिच्यासाठी दुसरी खाट आणून ठेवलीय.

आणि दार उघडलंत की तिला आधी पाठमोरी उभी करा. मानेवरची केसांची रेघ नीट बघा, तुमच्या नजरेने बघा. त्यात खोट सापडली तर हा परवाना मी स्वतः फाडून टाकीन.

तुम्ही न शिकवलेली,
तुमचीच मुलगी